'फुंका' म्हटल्यानंतर

पुलाच्या उतारावर बॅरिकेड आडवे लावलेले असतात. चमकत्या पट्ट्यांची जाकिटं घातलेले तीन-चार वाहतूक पोलिस एकेक गाडी कडेला घेत असतात. काच खाली होते, 'लायसन्स दाखवा' म्हटलं जातं आणि पाठोपाठ 'फुंका' येतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात शनिवारी रात्री गाडी चालवणाऱ्याला ही नाकाबंदी ओळखीची आहे. त्यापुढचं मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. फुंकायला नाही म्हणता येतं का? यंत्राचा आकडा पटला नाही तर काय करायचं? ठाण्यात किती वेळ बसवून ठेवता येतं? एरवी गाडीचा विमा आणि पीयूसीच्या तारखा तोंडपाठ असलेली माणसंही या प्रश्नांवर अडखळतात. मग कुणाच्या तरी मावसभावाने सांगितलेल्या युक्त्या कामाला येतात: तोंडात लवंग धर, फुंकल्यासारखं कर, ओळखीच्या साहेबांना फोन लाव.

या युक्त्यांचा उपयोग नाही, आणि तो नसावाच. दारू पिऊन गाडी चालवणारा दुसऱ्याच्या जिवावर उठलेला असतो. पण कायद्याने पोलिसांच्या हाती चाचणी दिली, तेव्हा ती कशी आणि किती वेळात घ्यायची, हेही लिहून ठेवलं. चालकाचे खरे हक्क त्या लिहिलेल्या क्रमात आहेत. चाचणी टाळण्यात त्याचं हित नाही, ती नीट करून घेण्यात आहे.

मूळ आकड्यापासून सुरुवात करू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल घेऊन गाडी चालवणं किंवा चालवण्याचा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे. 'पेक्षा जास्त' हे शब्द महत्त्वाचे: ३० हा आकडा गुन्हा ठरत नाही, ३१ ठरतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दंडाचे हे आकडे १ सप्टेंबर २०१९ पासूनचे आहेत. अमेरिकेत बहुतेक राज्यांत हीच मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे, युटा राज्यात ५०. म्हणजे आपला कायदा बराच कडक आहे, आणि मर्यादा इतकी खाली असते तेव्हा मोजमापातली लहानशी चूकही माणसाला रेषेच्या या बाजूहून त्या बाजूला नेऊ शकते.

मोजमापावर एवढा भर कशासाठी, हे समजायला १९७१ सालच्या एका निकालाकडे जावं लागतं. महाराष्ट्रातल्याच एका अपघाताचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता: बचूभाई हसनअली कारयानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. चालकाच्या तोंडाला दारूचा वास येत होता, चाल डगमगती होती, बोलणं असंबद्ध होतं आणि डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या होत्या, असा पुरावा होता. रक्ताची किंवा लघवीची तपासणी मात्र झाली नव्हती. एवढ्या लक्षणांवरून माणूस नशेत होता असा ठाम निष्कर्ष काढता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. थोडा विचार केला की कारण पटतं. नुकताच अपघात झालेला माणूस असंबद्धच बोलतो. धक्क्याने पाय लटपटतात. घाबरलेल्याच्या बाहुल्या मोठ्या होतात. वास एका घोटाचाही येतो आणि एका बाटलीचाही. त्या काळी कायद्यात ३० मिलिग्रॅमची रेघ नव्हती, ती १९९४ च्या दुरुस्तीने आली. आता वासावरून फार तर संशय घेता येतो. कलम १८५ चा गुन्हा सिद्ध करायला आकडा लागतो.

अमेरिकेने मात्र त्या डगमगत्या चालीलाच शिस्त लावायचा प्रयत्न केला, आणि आजही तिथला रस्त्याकडेचा तपास त्यावर उभा आहे. पुण्या-मुंबईहून तिकडे गेलेल्या हजारो मुलामुलींना गाडीशिवाय गत्यंतर नसतं, म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगतो.

तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा यंत्रणेने सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेला काम दिलं: पोलिस रस्त्यावर ज्या तऱ्हेतऱ्हेच्या परीक्षा घेतात, त्यांतल्या भरवशाच्या कोणत्या? मार्सेलिन बर्न्स आणि हर्बर्ट मॉस्कोविट्झ यांनी १९७७ मध्ये आणि पुढे १९८१ मध्ये अभ्यास केले आणि तीन परीक्षा उरल्या. पहिलीत पोलिस डोळ्यांसमोरून पेन किंवा बोट आडवं फिरवतो आणि बुबुळ सरळ सरकतं की झटके घेतं हे पाहतो. दुसरीत एका रेषेवर टाचेला चवडा लावत नऊ पावलं जायचं, सांगितलेल्या पद्धतीने वळायचं आणि नऊ पावलं परत यायचं. तिसरीत एक पाय जमिनीपासून सुमारे सहा इंच उचलून मोठ्याने आकडे मोजत उभं राहायचं. पोलिस ३० सेकंद पाहतो. १९८१ च्या अभ्यासात या परीक्षांची अचूकता अनुक्रमे ७७, ६८ आणि ६५ टक्के निघाली. नंतरच्या अभ्यासांनी आकडे वर नेले, पण सुरुवातीचा हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे: एका पायावर उभं राहण्याच्या परीक्षेवरून काढलेला निष्कर्ष दर तीनांतून एकदा चुकत होता. या परीक्षा रक्तातल्या अल्कोहोलचा अंदाज घेण्यासाठी बेतल्या होत्या, गाडी नीट चालवता येते की नाही हे पाहण्यासाठी नव्हे.

चालण्याच्या परीक्षेत आठ खुणा शोधल्या जातात आणि त्यांतल्या दोन दिसल्या की माणूस नापास. या आठांत 'सूचना ऐकताना तोल जाणं' आणि 'सूचना संपण्याआधी चालायला लागणं' याही आहेत. पावलांची संख्या चुकली तर आणखी एक, वळण सांगितलं तसं घेतलं नाही तर आणखी एक. आता चार महिन्यांपूर्वी नाशिकहून गेलेला विद्यार्थी डोळ्यांपुढे आणा. रात्रीची वेळ, तोंडावर टॉर्चचा झोत, कमरेला पिस्तूल लावलेला अधिकारी भरभर इंग्रजीत सांगतोय आणि हा घाईने पाऊल टाकतो. त्याने थेंबही घेतलेला नसला, तरी एक खूण पडली. परतताना दहा पावलं झाली की दुसरी. सूचना समजल्या नाहीत तर 'पुन्हा सांगा' म्हणणं किती मोलाचं आहे ते इथे कळतं.

या परीक्षांचं अधिकृत प्रशिक्षण-पुस्तकच त्यांच्या मर्यादा सांगतं. जागा बऱ्यापैकी कोरडी, कठीण, सपाट आणि न घसरणारी असावी. पासष्टीपुढची माणसं, पाठीचं, पायाचं किंवा आतल्या कानाचं दुखणं असलेली माणसं यांना तोल सांभाळणं जड जातं. दोन इंचांहून उंच टाचांची पादत्राणं असतील तर ती काढायची मुभा द्यावी. ठरवलेल्या पद्धतीनेच घेतली तर परीक्षा ग्राह्य, हेही तिथेच लिहिलेलं आहे. बचावाचे वकील हेच पुस्तक घेऊन उलटतपासणीला उभे राहतात. ओहायो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली होमन खटल्यात पद्धत तंतोतंत पाळली नसेल तर अशी परीक्षा अटकेला आधार होऊ शकत नाही, असं म्हटलं. पुढे तिथल्या विधिमंडळाने ही अट सैल केली. डोळ्यांच्या परीक्षेबद्दल अ‍ॅरिझोनाच्या न्यायालयाने १९८६ मध्ये मधली वाट काढली. अटकेला पुरेसं कारण आहे का हे ठरवायला ती चालेल, पण रक्तात अमुक इतकं अल्कोहोल होतं हे सिद्ध करायला चालणार नाही.

या परीक्षांना नाही म्हणता येतं का? अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत येतं. रेषेवर चालणं ऐच्छिक असतं आणि नकार दिल्याने परवाना जात नाही. मात्र अनेक राज्यांत हा नकार न्यायालयापुढे सांगता येतो. अटकेनंतरच्या श्वासचाचणीची गोष्ट वेगळी. परवाना घेतानाच चालकाने या चाचणीला संमती दिली आहे असं तिथले कायदे धरून चालतात, आणि नकार दिला की परवाना निलंबित होतो. २०१६ च्या बर्चफील्ड निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रेघ आखून दिली: कायदेशीर अटकेनंतर श्वास वॉरंटशिवाय मागता येईल, पण नकाराला फौजदारी शिक्षेची धमकी देऊन वॉरंटशिवाय रक्त मागता येणार नाही. श्वास बाहेर पडून गेलेलाच असतो. रक्तासाठी त्वचेत सुई खुपसावी लागते आणि नमुना हातात आला की त्यातून अल्कोहोलखेरीज इतरही खाजगी गोष्टी कळू शकतात. मला हा युक्तिवाद फार पटतो.

बोलण्याच्या बाबतीत १९९० चा म्युनिझ खटला मोठा मार्मिक आहे. ठाण्यात पोलिसाने अटक केलेल्या माणसाला विचारलं, 'तुझा सहावा वाढदिवस कोणत्या तारखेला होता?' त्याला सांगता आलं नाही. न्यायालयाने म्हटलं की जीभ जड होणं ही शारीरिक खूण आहे, ती पुराव्यात घेता येईल. पण या उत्तरातला गोंधळ हा त्याच्या मनातला मजकूर आहे आणि हक्क समजावून न सांगता काढून घेतलेला तो मजकूर त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही. मात्र रस्त्यावर गाडी थांबवून केलेल्या साध्या विचारपुशीला हे संरक्षण लागू नाही, हे १९८४ च्या बर्कमर निकालाने आधीच ठरवलं होतं. 'दोन बिअर घेतल्या होत्या' हे रस्त्यावर सहज निघून गेलेलं वाक्य म्हणूनच पुढे भिंत होऊन उभं राहतं. नाव, परवाना, नोंदणी आणि विम्याची कागदपत्रं द्यायची आणि बाकीच्याला नम्रपणे 'मला उत्तर द्यायचं नाही' म्हणायचं, हा तिथे हक्क आहे, उर्मटपणा नव्हे.

तिकडे व्हिसावर असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट, आणि ती पालकांनीही ऐकावी अशी. २०१५ च्या अखेरीपासून अमेरिकेचं परराष्ट्र खातं दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, तरी व्हिसा रद्द करू शकतं. दोष सिद्ध होण्याची वाट पाहावी लागत नाही. पासपोर्टवरचा व्हिसा रद्द झाला म्हणजे देशातला वैध मुक्काम लगेच संपला असं नाही, पण एकदा भारतात आलं की परत जायला नव्याने व्हिसा मागावा लागतो. आईच्या साठीला घरी आलेला मुलगा इथेच अडकू शकतो.

आता आपल्या नाक्यावर परत येऊ. आपल्याकडे रेषेवर चालायला कुणी लावत नाही. लावलं तरी कायद्यात त्या परीक्षेला जागा नाही. जागा आहे ती श्वासाला आणि रक्ताला, आणि दोन्हींचा क्रम कलम २०२ ते २०५ मध्ये दिलेला आहे.

कलम २०३ म्हणतं की गणवेशातला पोलिस अधिकारी सार्वजनिक जागी गाडी चालवणाऱ्याला किंवा चालवू पाहणाऱ्याला श्वासाचा नमुना मागू शकतो. पण त्यासाठी त्याला संशयाला रास्त कारण हवं. वास, वेडीवाकडी चाललेली गाडी, विसंगत बोलणं ही ती कारणं. म्हणजे १९७१ च्या निकालात जी लक्षणं शिक्षेला पुरली नाहीत, ती चाचणी मागायला पुरतात. दिसेल त्या प्रत्येकाला फुंकायला लावणं हे कलमाच्या शब्दांत बसत नाही. तरीही नाक्यावर या मुद्द्यावरून वाद घालायला मी कुणाला सांगणार नाही. पिणाऱ्याला पकडायचं असेल तर रस्त्यावर कुठेतरी चाळण लावावीच लागते. आणि ज्याने घेतलेली नाही त्याचं तीस सेकंदांत काम होतं. संशयाला कारण होतं का, हा प्रश्न खरा न्यायालयातला आहे.

फुंकायला नाही म्हटलं आणि अधिकाऱ्याला रास्त संशय असेल, तर तो वॉरंटशिवाय अटक करू शकतो. पुढे कलम २०५ लागतं: वाजवी कारणाशिवाय श्वास किंवा रक्त द्यायला दिलेला नकार हा फिर्यादी पक्षाच्या पुराव्याला दुजोरा मानला जातो. 'वाजवी कारण' हे शब्द दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या रुग्णाने लक्षात ठेवावेत. जोराने आणि सलग फुंकता येत नसेल, तर ते तिथल्या तिथे सांगावं आणि 'रक्त द्यायला तयार आहे' हेही सांगावं. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, हे संविधानाचं कलम २०(३) इथे कामाला येत नाही. १९६१ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की बोटांचे ठसे, हस्ताक्षराचा नमुना अशा गोष्टी देणं म्हणजे साक्ष देणं नव्हे. ज्ञात माहिती स्वतःच्या तोंडाने सांगणं ही साक्ष. श्वास आणि रक्त पहिल्या प्रकारात मोडतात.

यंत्राने अल्कोहोल दाखवलं म्हणून अटक झाली, की कलम २०३ चंच पुढचं पोटकलम सुरू होतं: ठाण्यावर पुन्हा एकदा श्वासाचा नमुना देण्याची संधी दिली गेली पाहिजे. ही संधी आहे हेच बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून ती मागितली जात नाही. त्यानंतर कलम २०४ प्रमाणे नोंदणीकृत डॉक्टरकडून रक्त घेता येतं, आणि तपासणी सरकारी किंवा सरकारमान्य प्रयोगशाळेत होते. आरोपी स्त्री असेल आणि रक्त घेणारा डॉक्टर पुरुष, तर दुसरी स्त्री हजर असल्याशिवाय रक्त घेता येत नाही. वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत अटक झालेल्या व्यक्तीला मिळाली पाहिजे, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५३ सांगतं. अटकेचं कारण ऐकणं, घरच्यांना कळवलं जाणं आणि वकिलाशी बोलणं हे हक्क तर कुठल्याही अटकेत असतात. कलम १८५ चा गुन्हा जामीनपात्र आहे.

सगळ्यांत कमी माहीत असलेली तरतूद कलम २०२ च्या परंतुकात आहे. पोलिसासमोर कलम १८५ चा गुन्हा घडला म्हणून त्याने अटक केली, तर अटकेपासून दोन तासांच्या आत कलम २०३ आणि २०४ मधली तपासणी झाली पाहिजे. नाही झाली तर त्या माणसाला कोठडीतून सोडावं लागतं. सोडलं म्हणजे खटला संपला असं नव्हे, पण बसवून ठेवता येत नाही. दोनच तास का, याचं उत्तर शरीरात आहे. रक्तातलं अल्कोहोल साधारणपणे तासाला १० ते २० मिलिग्रॅमच्या गतीने उतरतं. रेषेच्या जरा वर असलेला माणूस दोन-तीन तासांत रेषेखाली येतो. उलट, शेवटचा पेला नुकताच संपवलेला असेल तर आकडा अजून चढत असतो, आणि ठाण्यावरचा नमुना गाडी चालवतानाच्या स्थितीपेक्षा जास्त दाखवू शकतो. उशीर झाला की दोन्ही बाजूंनी सत्य निसटतं.

आणि यंत्र? श्वासातून रक्ताचा अंदाज काढण्यामागे असा हिशेब आहे की २१०० मिलिलिटर श्वासात जितकं अल्कोहोल, तितकंच १ मिलिलिटर रक्तात. हे सरासरी प्रमाण आहे. माणसागणिक ते थोडं इकडेतिकडे होतं. शिवाय यंत्राला हवा लागते ती फुप्फुसाच्या तळातली, म्हणून लांब आणि सलग फुंकायला सांगतात. तोंडातच अल्कोहोल रेंगाळत असेल तर यंत्र फसतं. माउथवॉशने नुकतीच चूळ भरलेली असेल, होमिओपॅथीचा अर्क जिभेवर घेतलेला असेल किंवा आजीच्या आग्रहाने द्राक्षासव नाहीतर दशमूलारिष्ट घेतलेलं असेल, तर क्षणभर भलताच मोठा आकडा येऊ शकतो. आसव-अरिष्टांत आंबण्याने आपोआप अल्कोहोल तयार होतं, ही गोष्ट ती रोज घेणाऱ्यांनाही ठाऊक नसते. ढेकर किंवा उलटी झाली तरी पोटातली वाफ तोंडात येते. उपाय सोपा आहे: पंधरा-वीस मिनिटं काहीही न खाता-पिता थांबायचं आणि पुन्हा फुंकायचं. तोंडातलं अल्कोहोल तेवढ्यात उडून जातं, रक्तातलं जात नाही. म्हणून 'साहेब, मी आत्ताच औषध घेतलंय, पंधरा मिनिटांनी पुन्हा घ्या' ही विनंती पूर्णपणे शास्त्रीय आहे, आणि ती पोलिसांच्याही कामाची आहे, कारण दुसरा आकडा पहिल्याशी जुळला तर त्यांचा पुरावा दुप्पट भक्कम होतो. नळी प्रत्येकासाठी नवी असावी, फुंकण्याआधी यंत्र शून्य दाखवतंय ना हे पाहावं, आणि छापील चिठ्ठी निघत असेल तर तिच्यावरची वेळ वाचून मगच सही करावी. कायद्याला मान्य यंत्र कोणतं, हेही कलम २०३ च्या स्पष्टीकरणात आहे: केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रकारचं.

रक्ताची चाचणी या सगळ्याहून पक्की, पण रक्ताची बाटली ठाणं, रुग्णालय, प्रयोगशाळा असा प्रवास करते, आणि वाटेतल्या प्रत्येक हाताची नोंद लागते. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी चढली. सात जण गेले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल सापडलं, म्हणजे आजच्या मर्यादेच्या साडेतीन पटींहून जास्त. तो पुरावा टिकला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम केली. त्याच वांद्र्यात सप्टेंबर २००२ मध्ये घडलेल्या दुसऱ्या अपघातात एका माणसाचा जीव गेला. अभिनेता सलमान खानला सत्र न्यायालयाने मे २०१५ मध्ये दोषी ठरवलं, आणि डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. गाडी कोण चालवत होतं याबद्दलच्या शंकेबरोबर रक्ताचा नमुना कसा जपला आणि पोहोचवला, याबद्दलच्या त्रुटीही त्या निकालात होत्या. राज्य सरकारने त्यावर सर्वोच्च न्यायालयात अपील केलं. आणि १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरमध्ये दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते गेले, तेव्हा आरोप झाला तो रुग्णालयात नमुनाच बदलल्याचा.

हे तीन खटले शेजारी ठेवले की बचावाच्या वकिलाच्या 'तांत्रिक' प्रश्नांचं मोल कळतं. बाटलीला सील होतं का, लेबलवर वेळ होती का, ती थंड जागी होती का, कुणी कुणाच्या हाती दिली: हे प्रश्न निरपराध माणसाला वाचवतात, आणि त्यांची उत्तरं नोंदीत असली की मेलेल्यांच्या घरच्यांना न्याय मिळतो. पुण्यातल्या त्या दोन मुलांच्या आईबापांनाही याच नोंदी हव्या आहेत.

एका गैरसमजाकडे मात्र लक्ष वेधतो. आकडा नाही म्हणजे आपण सगळीकडूनच सुटलो, असं पुष्कळांना वाटतं. विम्याच्या दाव्यात तसं नाही. दिल्लीत इंडिया गेटजवळ २००७ मध्ये एका पोर्शे गाडीला अपघात झाला. श्वासाची किंवा रक्ताची चाचणी झालेली नव्हती. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीच्या बाजूने निकाल दिला: पॉलिसीतली 'दारूच्या अमलाखाली' ही अट वास, वेळ, अपघाताची तऱ्हा अशा परिस्थितीवरूनही सिद्ध होऊ शकते, कारण तिथे फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. तुरुंगवास टळला तरी गाडीच्या भरपाईवर पाणी सोडावं लागू शकतं.

नाक्यावर पैसे भरून विषय मिटवता येतो, हाही असाच एक समज. तडजोड करता येण्याजोग्या गुन्ह्यांची यादी कलम २०० मध्ये आहे आणि तिच्यात १८५ नाही. त्यामुळे जागेवर मागितलेला किंवा देऊ केलेला प्रत्येक रुपया बेकायदा आहे, आणि प्रकरण दंडाधिकाऱ्यांपुढेच जायला हवं. तिथे सकाळी गर्दी असते, कामावर जायची घाई असते, आणि बरीच माणसं कागद न वाचताच 'गुन्हा कबूल' म्हणून मोकळी होतात. ज्याने खरोखर घेतली होती त्याने कबूल करावं, यात दुमत नाही. पण आकडा ३१ ते ३५ च्या आसपास असेल, औषध घेतल्याचं सांगूनही दुसऱ्यांदा फुंकू दिलं नसेल किंवा ठाण्यावर तीन तास नुसतं बसवलं असेल, तर कबुलीआधी दोन कागद शेजारी ठेवून पाहावेत. एक, यंत्राची चिठ्ठी. दुसरा, अटकेचा पंचनामा. दोन्हींवर वेळ लिहिलेली असते. चिठ्ठी अटकेआधीची आहे की नंतरची, ठाण्यावरच्या दुसऱ्या चाचणीची नोंद आहे का आणि डॉक्टरांनी तपासल्याची वेळ त्या दोन तासांत बसते का, हे त्या वेळांवरूनच कळतं.